विहिरीत उतरले की वजन वाढते

भुईच्या पोटात : साप्ताहिक स्तंभ
सोनारी, ता. परंडा, जि. धाराशिव

दहावीच्या विज्ञानाच्या पुस्तकातला पहिलाच धडा गुरुत्वाकर्षणाचा आहे. गुरुत्व त्वरण, म्हणजे मुले ज्याला नुसते ‘जी’ म्हणतात, ते कुठे किती असते हे त्यात सांगितले आहे. ध्रुवावर जास्त, विषुववृत्तावर कमी, उंच गेले की कमी. इथवर सगळे बरोबर आहे. शेवटी खोलीचा मुद्दा येतो. जमिनीत खोल जाताना केंद्रापासूनचे अंतर कमी होते, पण आपल्याला ओढणारा पृथ्वीचा भागही कमी होतो, आणि दोन्हींचा एकत्रित परिणाम म्हणून गुरुत्व त्वरण घटते, असे पुस्तक म्हणते. मुले ते पाठ करतात, परीक्षेत लिहितात आणि गुण मिळवतात.

आमच्या परंडा तालुक्यातल्या कोणत्याही विहिरीत हे खोटे ठरते. सोनारीच्या शिवारात, सीनेच्या काठी, बार्शी-भूमच्या बाजूला, कुठेही उतरा. खाली जाल तसे गुरुत्वाकर्षण वाढते. वाढ बारीक आहे, पण ती वाढच आहे. ‘घटते’ हे उत्तर विद्यार्थ्याच्या स्वतःच्या गावच्या विहिरीलाच लागू पडत नसेल, तर त्यावर बोलले पाहिजे असे मला मनापासून वाटते.

आधी आकडे बघू. शंभर फूट, म्हणजे सुमारे 30 मीटर खोल विहीर धरा. काठावर 50 किलोचे लोखंडी वजन अतिशय नाजूक स्प्रिंगकाट्याला टांगा आणि नोंद घ्या. मग तोच काटा आणि तेच वजन यारीच्या दोराने तळाशी सोडा. पुस्तकाच्या हिशेबाने ते तळाशी जवळजवळ पाव ग्रॅम हलके भरायला हवे. प्रत्यक्षात ते सुमारे एक दशांश ग्रॅम जड भरेल. हे तागडीने कळणार नाही, कारण तागडीच्या दोन्ही पारड्यांवर गुरुत्वाकर्षण सारखेच वाढते. काटा स्प्रिंगचाच हवा. ज्वारीचे पोतेही चालणार नाही. विहिरीच्या तळाशी हवा किंचित दाट असते, ती पोत्याला जरा जास्त उचलून धरते, आणि पोत्याच्या आकारमानापुढे तेवढ्यानेच आपला दशांश ग्रॅम झाकून जातो. म्हणून वजन लोखंडाचे घ्यायचे. भूभौतिक शास्त्रज्ञांचा गुरुत्वमापी ही अडचण येऊ नये म्हणून बंदिस्त असतो, आणि असा दशांश ग्रॅमच काय, त्याच्या शंभराव्या भागाएवढा फरकही तो सहज टिपतो.

हे असे का होते, याचे पहिले उत्तर आयझॅक न्यूटनने 1687 साली ‘प्रिन्सिपिया’त दिले. आपण जमिनीखाली काही अंतरावर उभे आहोत असे समजा. पृथ्वीचे दोन भाग पाडा. आपल्या पायाखालचा गोळा हा एक भाग. आपल्या पातळीच्या वर राहिलेले, पृथ्वीला सगळीकडून वेढणारे कवच हा दुसरा. न्यूटनने सिद्ध केले की या कवचाची ओढ आपल्यावर शून्य असते. डोक्यावरचा त्याचा भाग जवळ आहे, पण थोडा आहे. पृथ्वीच्या पलीकडच्या अंगाचा लांब आहे, पण पुष्कळ आहे. दोघांची ओढ बरोबर एकमेकींना खोडून काढते. उरतो तो पायाखालचा गोळा. तो गोळा त्याचे सगळे वस्तुमान केंद्रात एकवटल्यासारखा आपल्याला ओढतो.

म्हणजे खाली उतरताना दोन गोष्टी एकाच वेळी घडतात. केंद्र जवळ येते, त्यामुळे ओढ वाढते. वरचा थर हिशेबातून जातो, त्यामुळे ओढ घटते. पुस्तकाने या दोन्ही गोष्टी सांगितल्या आहेत, आणि त्या नीट सांगितल्या आहेत. चूक त्यापुढच्या वाक्यात आहे. दोघांपैकी कोण जिंकते हे पुस्तक परस्पर जाहीर करून टाकते. ते ठरते सोडून आलेला थर किती जड होता यावर, आणि त्या जडपणाचा धड्यात विचारच नाही.

नियम सोपा आहे आणि दहावीच्या मुलाला सहज समजतो. जो थर ओलांडून आपण खाली जातो त्याची घनता त्याच्या खालच्या गोळ्याच्या सरासरी घनतेच्या दोन तृतीयांशापेक्षा कमी असेल, तर गुरुत्वाकर्षण वाढते. जास्त असेल, तर घटते. पृथ्वीची सरासरी घनता दर घन सेंटिमीटरला 5.51 ग्रॅम. तिचे दोन तृतीयांश म्हणजे 3.67. आता आमच्याकडची विहीर खोदताना काय लागते ते आठवा. वर काळी माती, मग मुरूम, मग मांजऱ्या, मध्येच कुठे तांबड्या गेरूचा पट्टा, आणि त्याखाली सुरुंग लावल्याशिवाय न हलणारा काळा पाषाण. यातला सगळ्यात जड तो काळा पाषाण, म्हणजे घट्ट बेसॉल्ट. त्याची घनता 2.9च्या आसपास. बाकीचे सगळे त्याहून हलके. 3.67च्या जवळपासही कोणी येत नाही. कोकणातला जांभा घ्या, नागपूरकडचा ग्रॅनाइट घ्या, चंद्रपूरचा कोळसा घ्या, निकाल तोच. महाराष्ट्रात याला अपवाद शोधायचा तर गडचिरोलीतल्या सुरजागडसारख्या ठिकाणच्या लोहखनिजापाशी जावे लागेल. तिथे घट्ट खनिजाचा पुरेसा जाड आणि रुंद थर लागला, तर तो पार करताना गुरुत्वाकर्षण खरोखर कमी होत जाईल.

ही गोष्ट आज कळलेली नाही, म्हणून जास्त वाईट वाटते. इंग्लंडचा राजज्योतिषी जॉर्ज एअरी याने ती मोजून दाखवली त्याला पावणेदोनशे वर्षे होत आली. पहिला प्रयत्न त्याने 1826 साली कॉर्नवॉलच्या डॉल्कोथ खाणीत केला. उपकरणे वर काढताना त्यांना आग लागली आणि ती खाणीत कोसळली. 1828 साली तो पुन्हा तिथेच गेला, तेव्हा खाणीत दरड खचून पाणी भरले. पुढची सव्वीस वर्षे हे काम तसेच पडून राहिले. मग विजेची तार आली आणि एअरीला मार्ग सापडला. 1854 साली साउथ शील्ड्सजवळच्या हार्टन कोळसा खाणीत त्याने एक लंबक वर ठेवला, दुसरा सुमारे 383 मीटर खाली. दोन्ही ठिकाणची घड्याळे तारेच्या संकेताने जुळवली. लंबकांमध्येच खोट असली तर ती कळावी म्हणून वरचा लंबक खाली आणि खालचा वर नेऊन मोजणी पुन्हा केली. उत्तर आले ते असे : खालचे घड्याळ दिवसाला सव्वादोन सेकंद पुढे जाते. लंबक जलद हलतो याचा अर्थ गुरुत्वाकर्षण खाली जास्त आहे, वरच्यापेक्षा 19,286 वा भाग जास्त.

एअरीला खरे तर पृथ्वी तोलायची होती. खाणीतल्या खडकांची घनता माहीत आहे, गुरुत्वाकर्षण किती वाढले ते मोजले आहे, तर पृथ्वीची सरासरी घनता काढता येते. त्याचे उत्तर 6.57 आले. आजच्या 5.51च्या मानाने ते बरेच चुकलेले आहे. हेन्री कॅव्हेंडिशने 1798 साली प्रयोगशाळेत शिशाचे गोळे टांगून काढलेले उत्तर कितीतरी अचूक होते. पण वाढते की घटते, या प्रश्नाचा निकाल हार्टनच्या खाणीत लागला होता. एअरीसारखी लंबकाची घड्याळे आपण किल्लारीला नेली असती, तर काय दिसले असते? किल्लारीत 1993 च्या भूकंपानंतर शास्त्रज्ञांनी घेतलेल्या बोअरमध्ये बेसॉल्टची जाडी 338 मीटर भरली. तेवढ्या खोलीवर लंबकाचे घड्याळ दिवसाला जवळजवळ एक सेकंद पुढे जाईल. पुस्तकाच्या नियमाने ते दोन सेकंदांहून जास्त मागे पडायला हवे.

आता कोणी म्हणेल की हे सेकंद आणि दशांश ग्रॅम क्षुल्लक आहेत. भूपृष्ठाजवळ थोडी वाढ होत असेल, पण एकंदरीत खोल गेले की घटतेच ना? नाही. खोलात तर पुस्तकाचे चित्र जास्तच मोडते.

पृथ्वीचे वरचे कवच हलके, त्याखालचे प्रावरण त्याहून जड, आणि 2,891 किलोमीटर खोलीवर सुरू होणारा लोह-निकेलचा गाभा फारच जड. गाभ्याच्या वरच्या कडेलाच घनता 9.9 आहे, केंद्राजवळ ती 13च्या पुढे जाते. गाभ्याची त्रिज्या 3,480 किलोमीटर, म्हणजे पृथ्वीच्या त्रिज्येच्या 0.546 पट. आकारमानात तो पृथ्वीचा जेमतेम सहावा हिस्सा, पण पृथ्वीचे जवळजवळ एक तृतीयांश वस्तुमान, नेमके सांगायचे तर सुमारे 0.325, त्याच्यात आहे. आता गाभ्याच्या वरच्या कडेवर उभे राहिल्याची कल्पना करा आणि फळ्यावर दोन ओळींचे गणित मांडा. ओढणारे वस्तुमान उरले 0.325 पट. अंतर झाले 0.546 पट, त्याचा वर्ग 0.298. 0.325 ला 0.298 ने भागले की उत्तर येते 1.09. म्हणजे तिथले गुरुत्वाकर्षण भूपृष्ठावरच्यापेक्षा नऊ टक्के जास्त आहे. भूपृष्ठावर सरासरी 9.82, तिथे 10.68 मीटर प्रति सेकंद वर्ग. अकरावीत शिकवले जाणारे खोलीचे सूत्र याच जागी 5.36 देते. ते खऱ्याच्या निम्मे आहे. ते सूत्र मांडताना पृथ्वीची घनता सगळीकडे सारखी आहे असे गृहीत धरावेच लागते, आणि पृथ्वी तशी नाही. सोललेल्या कांद्यासारखे प्रत्येक पापुद्र्याखाली तेच निघेल, असे इथे होत नाही.

मधल्या वाटेवर काय होते तेही सांगतो. भूपृष्ठापासून सुमारे 670 किलोमीटरपर्यंत गुरुत्वाकर्षण हळूहळू वाढत 10 च्या जरा वर जाते. मग बराच प्रवास ते 10 च्या आसपास रेंगाळते, किंचित उतरतेही, आणि पुन्हा चढत गाभ्याच्या कडेला 10.68 होते. तिथून पुढे मात्र ते झपाट्याने घटत जाते. 5,150 किलोमीटर खोलीवर, आतला घन गाभा सुरू होतो तिथे, ते 4.4 उरते आणि केंद्रात शून्य होते. सरळ रेषेत घटण्याचे पुस्तकातले वर्णन गाभ्याच्या आत बऱ्यापैकी लागू पडते. केंद्रापर्यंतच्या वाटेच्या पहिल्या पंचेचाळीस टक्के भागात ते लागू नाही, आणि माणसाने खणलेली प्रत्येक विहीर, बोअर आणि खाण त्या भागाच्या अगदी वरच्या सालीतच आहे. कोयनेच्या भूकंपांचा अभ्यास करण्यासाठी गोठणे येथे घेतलेला तीन किलोमीटरचा बोअरसुद्धा. केंद्रातल्या शून्याबद्दल एक गैरसमज नेहमी दिसतो म्हणून इथेच सांगतो. तिथे वजन शून्य असते, दाब शून्य नसतो. वरच्या सगळ्या थरांचा भार तिथे येतो आणि दाब हवेच्या दाबाच्या छत्तीस लाख पटींपर्यंत पोहोचतो.

इतक्या खोलवरचे हे कसे कळले? भूकंपांमुळे. भूकंपाच्या लहरी पृथ्वीच्या पोटातून आरपार जातात, जड-हलक्या थरांत त्यांचा वेग बदलतो, वाट वळते. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणात नोकरी केलेल्या आणि 1897 च्या आसाम भूकंपाचा अभ्यास करणाऱ्या रिचर्ड ओल्डहॅमने 1906 साली या लहरींवरून पृथ्वीला गाभा असल्याचा पुरावा मांडला. 1936 साली डेन्मार्कच्या इंगे लेहमनने त्या गाभ्याच्या आत आणखी एक गाभा असल्याचे दाखवले. 1981 साली झिवॉन्स्की आणि अँडरसन यांनी जगभरच्या नोंदी एकत्र करून पृथ्वीच्या अंतरंगाचा जो तक्ता बनवला, त्यातलेच आकडे मी वर वापरले आहेत.

30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे किल्लारी आणि सास्तूर परिसर उद्ध्वस्त करणाऱ्या भूकंपाच्या लहरीही जगभरच्या भूकंपमापकांनी टिपल्या. आपल्या दोन जिल्ह्यांनी हजारो माणसे त्या पहाटे गमावली. त्या भूकंपाशी गुरुत्वाकर्षणाच्या मोजणीचा जवळचा संबंध आहे, आणि ती हकिगत आमच्या अंगणातलीच आहे.

परंड्याला लागूनच माढा तालुका आहे, त्यातले कुर्डुवाडी. जुन्या लोकांना ते बार्शी लाइटच्या छोट्या गाडीमुळे माहीत. भूभौतिक शास्त्रज्ञांना ते वेगळ्याच कारणाने माहीत आहे. दख्खनच्या पठारावर गुरुत्वमापी घेऊन मोजणी झाली, तेव्हा दोन ठिकाणी गुरुत्वाकर्षण अपेक्षेपेक्षा कमी भरले : कोयनेकडच्या एका पट्ट्यात आणि कुर्डुवाडीकडच्या दुसऱ्या पट्ट्यात. गुरुत्वाकर्षण कमी याचा अर्थ खाली काहीतरी हलके आहे. बेसॉल्टच्या चादरीखाली काय दडले आहे ते वरून दिसत नाही. 1973 साली कृष्ण ब्रह्मम आणि नेगी या शास्त्रज्ञांनी मांडले की या पट्ट्यांखाली गाळाच्या हलक्या खडकांनी भरलेल्या, खचलेल्या प्राचीन दऱ्या असाव्यात. वीस वर्षांनी किल्लारी हादरले, तेव्हा काहींनी भूकंपाचा संबंध कुर्डुवाडीच्या पट्ट्याशी जोडला.

मग बोअर घेतला गेला. किल्लारीत 338 मीटर बेसॉल्ट, त्याखाली गाळाचा थर केवळ 8 मीटर, आणि लगेच पुरातन ग्रॅनाइटी पाया. बोअर 617 मीटरपर्यंत नेला, पायाच लागत राहिला. गोठण्याच्या बोअरमध्ये 1,247 मीटर बेसॉल्टनंतर थेट पायाचा खडक लागला. कोयनेकडे किंवा किल्लारीत, जिथे खोदून पाहिले तिथे गाळाने भरलेली दरी निघाली नाही. मग कुर्डुवाडीकडचे गुरुत्वाकर्षण कमी का, याचे उत्तर पायाच्याच खडकातल्या घनतेच्या फरकात शोधावे लागते. वरून मोजलेला एकच आकडा उथळ गाळामुळे येऊ शकतो, तसाच खोल असलेल्या हलक्या पायामुळेही येऊ शकतो. बोअरच्या आत दोन खोलींवर मोजणी केली तर हा घोळ बराच सुटतो, कारण त्या दोन खोलींमध्ये गुरुत्वाकर्षण किती वाढले यावरून मधल्या थराची घनता थेट काढता येते. घट्ट बेसॉल्टमध्ये वाढ कमी, मांजऱ्यात जास्त, गाळात त्याहून जास्त. तेल शोधणाऱ्या कंपन्या बोअरमध्ये सोडता येणारे गुरुत्वमापी याच कामासाठी वापरतात. ‘खोल गेले की घटते’ एवढेच शिकलेल्या मुलाला यातले काहीही उलगडणार नाही.

पुस्तकातला नियम जिथे वरच्या कवचातच खरा ठरतो अशी एक जागा आहे, ती चंद्र. चंद्राची सरासरी घनता 3.34, तिचे दोन तृतीयांश 2.23. त्याच्या कवचाची घनता 2.55 च्या आसपास. म्हणून चांद्रयान-3 जिथे 23 ऑगस्ट 2023 रोजी उतरले तिथे विहीर खणली, तर वरची भुसभुशीत माती ओलांडल्यावर खाली जाताना गुरुत्वाकर्षण घटेल. चंद्राला पृथ्वीसारखा मोठा जड गाभा नाही, म्हणून हा फरक. एकाच नियमाने पृथ्वीवर एक उत्तर आणि चंद्रावर उलटे उत्तर मिळते, हे मुलांना वर्गात दाखवता येणे ही किती मोठी संधी आहे! त्या एका उदाहरणातून मुलाला कळते की ग्रहाच्या पोटात काय आहे ते गुरुत्वाकर्षण सांगते.

शिक्षक मंडळी म्हणतात की दहावीच्या मुलांना एवढे झेपत नाही, सोपे करून सांगावे लागते. सोपे करण्याला माझा विरोध नाही. पृथ्वीला गोल मानतो, हवेचा विरोध सोडून देतो, तसे हेही. पण हवेचा विरोध सोडला की उत्तर थोडे इकडेतिकडे होते, त्याची दिशा उलटी होत नाही. इथे चिन्हच बदलते. जिथे अधिक हवे तिथे उणे येते, आणि तेही माणूस प्रत्यक्ष पोहोचू शकतो अशा जवळजवळ प्रत्येक ठिकाणी. घनता हा शब्द मुले दहावीच्या कितीतरी आधी शिकलेली असतात. भागाकार आणि वर्ग त्यांना येतो. पृथ्वीचे कवच, प्रावरण आणि गाभा ती भूगोलात शिकतात. सगळे साहित्य त्यांच्या दप्तरात आहे; दोन पुस्तके एकत्र उघडायचा अवकाश आहे.

म्हणून बालभारतीला विनंती आहे. पुढच्या आवृत्तीत खोलीच्या परिच्छेदात एवढे घालावे : पृथ्वीची घनता सर्वत्र समान असती तर खोलीबरोबर गुरुत्व त्वरण सतत कमी झाले असते, प्रत्यक्षात वरचे थर हलके आणि गाभा जड असल्यामुळे ते गाभ्याच्या कडेपर्यंत एकंदरीत थोडे वाढते आणि तेथून पुढे केंद्रापर्यंत घटत शून्य होते. सोबत 9.82, 10.68 आणि शून्य हे तीन आकडे दाखवणारा छोटा आलेख द्यावा. आणि दहावीला शिकवणाऱ्या शिक्षकांनी नव्या आवृत्तीची वाट पाहू नये. या धड्याच्या तासाला फळ्यावर 0.325 भागिले 0.298 एवढे गणित मांडावे आणि उत्तराचा अर्थ मुलांनाच विचारावा.